मामांच्या नावाची कमान नको, त्यांचं काम हातात घ्या

प्रति,
मा. नगराध्यक्ष, मा. मुख्याधिकारी आणि सर्व नगरसेवक,
आपली नगरपरिषद

सप्रेम नमस्कार,

गावातल्या मयतांचं तिरडीपासून अस्थींपर्यंत सगळं बघणारे मामा गेल्यावर तुमच्यापैकी बरेच जण त्यांच्या घरी भेटायला येऊन गेलात, बरं केलंत. तिथं बसल्या बसल्या विषय निघाला की घाटावरच्या स्मशानभूमीला मामांच्या नावाची कमान बांधायची, येत्या सर्वसाधारण सभेत ठराव घ्यायचा, आणि त्याच बोलण्यात कुणीतरी असंही म्हणालं की मुलगा आता चाकणची नोकरी सोडून परत आला तर गावाची सोय होईल. मुलगा समोरच बसला होता, खाली मान घालून. तेव्हा सुतकाचं घर म्हणून कुणी काही बोललं नाही, पण या दोन्ही गोष्टी मनातून जाईनात म्हणून हे सगळ्यांसमोर लिहितोय.

मामा कोण हे जुन्या गावाला सांगायला नको, पण तुमच्यातले काही जण नवीन कॉलन्यांमधून पहिल्यांदाच निवडून आलेत, मुख्याधिकारी साहेब तर बदलून आलेले, म्हणून थोडं सांगतो. नाव लिहीत नाही, घरच्यांनी नको म्हटलंय, आणि तसंही लहानथोर सगळे मामाच म्हणायचे, निम्म्या गावाला खरं नाव माहीत नव्हतं.

घराणं बुरूडकामाचं, म्हणजे बांबूच्या वस्तू विणायचं. सुपं, रोवळ्या, दुरड्या, कोंबड्या झाकायची डालगी, पूर्वी कणग्यासुद्धा. त्यांच्या वडलांच्या वेळेस तिरडी ही काही विकायची वस्तू नव्हती, मयत झालं की भावकीतलं कुणीतरी यायचं, बांबू आणि कामठ्या, म्हणजे चिरलेल्या बांबूच्या पट्ट्या, घेऊन जायचं आणि बांधायचं काम भावकीच करायची, प्रत्येक वाड्यात एखादा जाणता असायचाच. मग माणसं पुण्या-मुंबईला गेली, वाडे पडून अपार्टमेंट झाली, जाणती माणसं एकेक करत गेली आणि अशी वेळ आली की आत मयत, बाहेर पन्नास माणसं मोबाईल घेऊन उभी, पण सुतळी कुठनं कशी आवळायची हे एकालाही येत नाही. मामा बांबू पोचवायला जायचे आणि बांधूनच देऊन यायचे. मग मडकं कुठंय, कापड कुठंय, गुलाल-बुक्का कुठंय म्हणून रात्री-बेरात्री लोकांची पळापळ बघवेना म्हणून सगळंच दुकानात ठेवायला लागले, आणि एक दिवस पाटी लावली, 'अंत्यविधीचे साहित्य मिळेल, रात्री हाक मारावी'.

त्या पाटीची किंमत त्यांच्या घरानं मोजली. लग्नाच्या सिझनला रुखवताच्या दुरड्या आणि सुपं त्यांच्याकडून जायची, ते गिऱ्हाईक पाटी लागल्यावर तुटलं. जिथं तिरडी मिळते तिथनं नवरीचं सूप कसं घ्यायचं, असं बायका मामींना तोंडावर म्हणायच्या. मामी म्हणाल्या काढा ती पाटी, तर मामा म्हणाले, "सूप काय बाजारात कुठंबी मिळतंय, हे कुठं मिळणाराय?" पाटी राहिली. आमच्या गल्लीतले सगळे हे जाणतात.

ज्यांनी त्यांना तिरडी बांधताना जवळून बघितलंय त्यांना कळेल मी काय म्हणतोय. बांबू ओला, सरळ, पेरं तासून साफ केलेली, आणि बांधायच्या आधी मामा दोन्ही बांबूंवरून उघडा तळहात या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवायचे, कुठं कूस लागली तर परत कोयती काढायचे, कारण खांदा देणाऱ्याच्या खांद्यात कूस जायला नको, त्याला त्या दिवशी आधीच पुष्कळ असतं. माणूस अंगानं भारी असेल तर कामठ्या जास्त घालायचे. माप कधी मयताच्या अंगाला टेप लावून घेतलं नाही, लांबून नजरेनं घ्यायचे आणि ते बरोबर यायचं. अपार्टमेंटमधलं मयत असेल तर आल्या आल्या आधी जिना बघून यायचे, वळणावर तिरडी फिरेल का नाही ते, नसेल फिरत तर तिरडी खाली पार्किंगमध्ये बांधायची आणि वरून चादरीत कसं आणायचं, डोक्याकडं कोण, पायाकडं कोण, हे पोरांना हळू आवाजात सांगून ठेवायचे. तिसऱ्या मजल्यावरून आपल्या आईला किंवा बापाला उतरवताना पाय घसरला असं आमच्या आठवणीत एकदाही झालं नाही. एवढी एकच गोष्ट धरली तरी ती कमानीपेक्षा मोठी आहे.

दुसरं म्हणजे अश्मा. मडक्याला ज्या दगडानं भोक पाडतात तो दगड दहाव्यापर्यंत लागतो, आणि नेमका तोच हरवतो, कारण मडकं फुटल्यावर सगळे रडत असतात, कुणाचं लक्ष नसतं, आणि दहाव्या दिवशी गुरुजी विचारतात अश्मा कुठंय तेव्हा घरातले एकमेकांच्या तोंडाकडं बघतात. मामा तो दगड स्वतः उचलून फडक्यात बांधायचे, फडक्यावर नाव आणि तारीख आणि दहनशेडच्या मागच्या देवळीत ठेवायचे. दहाव्याला कुणी मागायच्या आत ते फडकं आणून हातात द्यायचे. यातलं काहीच त्यांच्या बिलात नव्हतं. बिल म्हणजे तरी काय, साहित्याचा दर आधी सांगायचे, एकच दर, पेठेतल्या सावकाराला तोच आणि झोपडपट्टीतल्या माणसाला तोच, फक्त झोपडपट्टीतल्याकडून दहावा झाल्याशिवाय घ्यायचे नाहीत आणि नाही दिले तर मागायचेही नाहीत.

त्यांना सगळ्या जातीधर्मांच्या रीती ठाऊक होत्या आणि त्यात त्यांनी कधी आपलं घातलं नाही. लिंगायत समाजात बसवून माती देतात, त्याचा खड्डा वेगळा असतो, तो घेणारी माणसं कुठं मिळतील हे त्यांना पाठ. लहान बाळाला आपल्याकडं अग्नी देत नाहीत, पुरतात, आणि अशा वेळी मामा एकटेच त्या बापाबरोबर घाटाच्या वरच्या अंगाला जायचे, बाकी कुणाला येऊ द्यायचे नाहीत. ज्या घरात मुलगा नाही तिथं पाणी कोण देणार यावरून पुतणे आणि जावई यांची जुंपायची, तेव्हा मामा मडकं उचलून सरळ मुलीच्या खांद्यावर द्यायचे. शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करायचा ठराव केला आणि मग राज्य सरकारनंही परिपत्रक काढून बाकीच्या ग्रामपंचायतींना तसं करायला सांगितलं, ते पेपरातलं कात्रण मामांनी दुकानात भिंतीवर चिकटवलं होतं. बांगड्या फोडायला कुणी पुढं सरसावलं की म्हणायचे, "शिरोळ तालुक्यात बंद झालंय, आपण काय लांब आहे का?" काही घरांत ऐकलं, काही घरांत नाही. पण म्हणायचे मात्र प्रत्येक वेळी.

आता कागदाचं. मृत्यूची नोंद २१ दिवसांत फुकट होते, त्यानंतर ३० दिवसांपर्यंत विलंब शुल्क, त्यापुढं वर्षाच्या आत लेखी परवानगी आणि वर्ष उलटलं तर मॅजिस्ट्रेटचा आदेश, हे तुमच्या ऑफिसात सगळ्यांना माहीत आहे पण ज्याच्या घरात माणूस गेलंय त्याला माहीत नसतं. मामा तिसऱ्या दिवशी राख सावडायला आलेल्यांना सांगायचे की गेलेल्या माणसाचं आधार कार्ड घेऊन या, त्यावरचं नाव जसंच्या तसं फॉर्ममध्ये घाला, घरी बोलावतात ते नाव घालू नका. कारण दाखल्यावर एक काना-मात्रा चुकली की सातबाऱ्याला वारस लागताना अडतं, एलआयसीत अडतं, पेन्शनीत अडतं. घरीच वारलेल्या माणसासाठी डॉक्टरांचं ४ अ, म्हणजे मृत्यूच्या कारणाचं प्रमाणपत्र, लागतं, ते रात्रीच डॉक्टरांना उठवून घ्या, नंतर कुणी देत नाही, हेही तेच सांगायचे. शाळा सातवीपर्यंत झालेली, पण किती विधवा बायकांचं जमिनीत नाव त्यांच्या या एका सांगण्यामुळं वेळेवर लागलं असेल!

आणि त्यांच्या वह्या. शंभर पानी, लाल पुठ्ठ्याच्या. नाव, वय, गाव, कधी आणलं, कधी अग्नी दिला, लाकूड किती, सोबत कोण. जन्म-मृत्यू नोंदणीचा १९६९ चा कायदा आहे, त्याच्या कलम १० मध्ये स्मशानाची देखरेख करणाऱ्यावर तिथं झालेल्या मृत्यूविधीची माहिती निबंधकाला कळवायचं कर्तव्य टाकलंय. मामा देखरेख करणारे नव्हते, त्यांना तुम्ही कधी नेमलं नव्हतं, त्यांना एक रुपया पगार नव्हता. तरी दर सोमवारी ते वही घेऊन तुमच्या खिडकीवर यायचे आणि आठवड्याची नावं जुळवून जायचे.

पावसाळ्याबद्दल जरा सविस्तर लिहितो कारण पुढचा पावसाळा लांब नाही. एका माणसाला तीनशे-साडेतीनशे किलोच्या आसपास लाकूड लागतं, कोरडं असेल तर. ओलं असेल तर किती लागेल ते सांगता येत नाही, नुसता धूर होतो आणि लोक डिझेल ओततात, टायर टाकतात, आणि मुलगा तिथं उभा राहून बघत असतो. मामांनी डिझेल कधी ओतू दिलं नाही. दिवाळी झाली की बाभळीचं लाकूड घ्यायला सुरुवात करायचे, वाड्या-वस्त्यांवरच्या बायकांकडून गोवऱ्या घ्यायचे, आणि सगळं स्वतःच्या घराच्या मागच्या पडवीत रचायचे, कारण घाटावरच्या लाकूड शेडचे पत्रे उडालेत आणि ते परत बसले नाहीत. ते का बसले नाहीत यात मी शिरत नाही, तेव्हा तुम्ही नव्हता. चितेत खाली जाड ओंडके, मध्ये हवेला वाट, अंगाला गोवऱ्या, वर बारीक फाटी, आणि वाऱ्याची दिशा बघून अग्नी कुठल्या बाजूनं द्यायचा ते. २००५, २०१९, २०२१, तिन्ही महापुरांत कृष्णेचं पाणी दहनशेडच्या वर गेलं, तेव्हा वरच्या रस्त्याच्या कडेला पत्रे उभे करून मामांनी विधी केले, आणि पडवीतलं लाकूड ट्रॅक्टरनं आणलं. २०१९ ला तर त्यांच्या स्वतःच्या घरात पाणी शिरलं होतं, आधी लाकूड माळ्यावर चढवलं मग भांडी, हे मामी अजून सांगतात.

कोविडचं लिहिताना हात थांबतो. वीस माणसांची परवानगी होती, पण वीस कुठली, दोन यायची, आणि दुसऱ्या लाटेत २०२१ च्या एप्रिल-मेमध्ये कित्येकदा एकही नाही, कारण सगळं घरच ॲडमिट. प्लॅस्टिकच्या बॅगेत गुंडाळलेलं, जंतुनाशक हायपोक्लोराइट मारलेलं. नियमाप्रमाणं चेहऱ्याकडची चेन उघडून लांबून दर्शन देता यायचं, मामा ते प्रत्येकाला द्यायचे, घरचं कुणी नसेल तर व्हिडिओ कॉल लावायला आमच्या गल्लीतल्या पोराला लांब उभं करायचे. राखेपासून धोका नाही असं केंद्र सरकारच्या सूचनांत स्पष्ट लिहिलेलं होतं तरी अस्थी न्यायला लोक घाबरायचे, काही जण क्वारंटाइन, काहींच्या घरात न्यायला कुणी उरलंच नव्हतं. मामांनी मडकी ओळीनं लावली, प्रत्येकाला तोंड बांधलेलं, कागदावर नाव, तारीख, मोबाईल नंबर, त्यावर सेलोटेप कारण पाऊस येईल. कुणाच्या अस्थी कुणाच्यात मिसळल्या नाहीत. महिन्या-दोन महिन्यांनी लोक आले, फोन करून आले, रडत आले, आणि प्रत्येकाला त्याचं माणूस मिळालं. त्या काळात मामा घरी जेवायला जात नव्हते, शेडजवळच झोपायचे, मामी डबा कट्ट्यावर ठेवून मागं सरायच्या.

बेवारस मयतांचं तुम्हाला पोलीस स्टेशनमधून कळेलच. नदीत वाहून आलेलं, एसटी स्टँडवर थंडीनं गेलेलं, एडी, म्हणजे अकस्मात मृत्यूची नोंद, दाखल होते, पंचनामा, पोस्टमॉर्टम, काही दिवस वाट बघणं, आणि मग ते कुणाचंच नसतं. कागदावर ते तुमचं असतं. प्रत्यक्षात हवालदार मामांना फोन करायचा. मामा त्यालाही कापड नवंच घालायचे, आणि वहीत नावाच्या जागी काय असेल ते लिहायचे, अंदाजे वय, अंगातला शर्ट, हातावरचं गोंदण. त्या गोंदणावरून पुढं एका घराला आपल्या माणसाचं काय झालं ते कळलंय. अयोध्येच्या मोहम्मद शरीफ चाचांना, सायकल दुरुस्तीचं काम करणाऱ्या साध्या माणसाला, बेवारसांचे अंत्यविधी करतात म्हणून २०२० साली पद्मश्री जाहीर झाली, तेव्हा आम्ही मामांना ते मोबाईलवर दाखवलं होतं. त्यांनी फोटो मोठा करून बराच वेळ बघितला आणि विचारलं, "ह्यांच्या मागं हे काम कोण करणार, ते लिवलंय का?"

मला वाटतं तुम्हीही तेच विचारायला पाहिजे. मामांना गावानं कसं वागवलं हे आपण सगळ्यांनी बघितलंय. सकाळी सकाळी समोर आले तर लोक गाडी वळवायचे. बारशाला, वास्तुशांतीला आमंत्रण नसायचं, आलंच तर निरोप असायचा की संध्याकाळी या, म्हणजे पंगत उठल्यावर. मुलाला शाळेत काय काय म्हणायचे ते इथं लिहिण्यासारखं नाही. आणि आता त्याच गावात फ्लेक्स लागलेत, स्टेटस पडलेत, भावपूर्ण श्रद्धांजली, आणि वर त्याच मुलाला म्हणायचं की तू ये आणि वडलांची गादी चालव. कसली गादी? मामांनी तो मुलगा आयटीआयला घातला, डिप्लोमा करवला, तो तिकडं कंपनीत लागला तेव्हा पेढे वाटले आणि आमच्यासमोर म्हणाले, "माझ्या पोरानं हे करायचं नाही. आणि कुणाच्याच पोरानं, बाप करत होता म्हणून करायचं नाही. ज्याला पगार मिळंल त्यानं करावं." हे त्यांचं बोलणं आहे आणि ते ऐकलेले आम्ही बरेच जण हयात आहोत. काम वाईट म्हणून नव्हते म्हणत ते, मन लावून केलं त्यांनी आयुष्यभर. पण ते एका घरावर आणि एका जातीवर ढकलून बाकी गाव मोकळं होतं, याचा त्यांना त्रास व्हायचा.

हे काम आधीपासून नगरपरिषदेचंच आहे. ७४ व्या घटनादुरुस्तीनं जे बारावं परिशिष्ट आलं त्यात नगरपालिकांच्या १८ विषयांमध्ये दफनभूमी, स्मशानभूमी आणि विद्युतदाहिनी हा विषय १४ व्या नंबरला लिहिलेला आहे. १९६५ च्या आपल्या नगरपरिषदा अधिनियमातही प्रेतांची विल्हेवाट लावायच्या जागा पुरवणं आणि राखणं हे आवश्यक कर्तव्यात येतं. इतकी वर्षं एका बुरूड माणसानं ते अंगावर घेतलं म्हणून कुणाच्या लक्षात आलं नाही इतकंच. कोल्हापुरात महापालिका पंचगंगा स्मशानभूमीत अंत्यसंस्कार मोफत करते, होळीला लोक होळी लहान करून शेणी, म्हणजे गोवऱ्या, दान करतात, गल्ल्या-गल्ल्यांची मंडळं ट्रॉल्या भरून आणून देतात. आपल्याकडं मंडळं कमी नाहीत. कुणी सांगितलं पाहिजे फक्त, आणि त्या शेणी ठेवायला कोरडी जागा पाहिजे.

म्हणून मागणी अशी आहे. कमानीचा जो काही खर्च धरलाय तो लाकूड शेडला लावा, पत्रे, उंच जोतं, पूर आला तरी लाकूड भिजणार नाही अशा वरच्या जागेवर. दहनशेडशी चोवीस तास माणूस पाहिजे, पाळ्या लावल्या तर दोन-तीन लागतील, आणि ते जाहिरात काढून भरा, कुठल्याही जातीचा माणूस अर्ज करू शकेल असं त्यात स्पष्ट लिहा, पगार बँकेत जाऊ दे, हातमोजे, बूट, विमा द्या. ठेकेदारामार्फत नेमून निम्मा पगार मधेच जाईल असं करू नका. साहित्याचे दर आणि फोन नंबर गेटवर मोठ्या अक्षरात लावा, म्हणजे मध्यरात्री कुणाची अडवणूक व्हायची नाही, कारण मामा गेल्यापासून ती सुरू झालेली आहे आणि मी कुणाचं नाव घेत नाही पण तुम्ही चौकशी केली तर कळेल. गॅसदाहिनी येणार असेल तर आनंदच आहे, पण ती येईपर्यंत माणसं मरायची थांबत नाहीत.

नवीन माणसं नेमली की त्यांना बांधायचं शिकवायला मामांच्या हाताखाली राहिलेले दोघे जण तयार आहेत, मी त्यांच्याशी बोललोय, त्यांना त्या दिवसांची हजेरी द्या. आणि मामांच्या वह्या मुलाकडं आहेत, तो पुढच्या रविवारपर्यंत इथं आहे. त्याच्या आधी जन्म-मृत्यू विभागातल्या कुणाला तरी घरी पाठवून त्या स्कॅन करून घ्या, बेवारसांची पानं आधी घ्या आणि त्याची एक प्रत पोलीस स्टेशनला द्या, मूळ वह्या घरच्यांना परत करा. सर्वसाधारण सभेला आम्ही गल्लीतले लोक येणार आहोत, ठरावाचा मसुदा लिहून आणतो.

आपला,
बुरूड गल्लीतला एक रहिवासी